स्प्रिंग एएमक्यूपी आणि रॅबिटएमक्यू : चालू कामातून नीट थांबतं का?

दूध संघांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी बॅकएंड सांभाळते. गावातल्या संस्थेत काट्यावर दूध ओतलं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग) लागलं, की त्या उत्पादकाची नोंद मेसेज होऊन आमच्या क्यूमध्ये, म्हणजे मेसेजच्या रांगेत, येते. ती उचलायची, दर लावायचा, खात्यावर लिहायची आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर एसएमएस धाडायचा, एवढंच आमच्या ॲप्लिकेशनचं काम. सकाळ-संध्याकाळ दोन्ही सत्रांना गर्दी उसळते आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. हा सगळा गाडा स्प्रिंग बूट (जाव्हा ॲप्लिकेशनची चौकट), रॅबिटएमक्यू (मेसेजची रांग सांभाळणारा सर्व्हर) आणि त्या दोघांना जोडणारी लायब्ररी स्प्रिंग एएमक्यूपी यांवर चालतो.

या जोडीचा वेग, सेकंदाला किती मेसेज वगैरे यावर भरपूर लिहिलेलं सापडतं. ती बंद होताना कशी वागते यावर मात्र फारसं कोणी बोलत नाही, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. आमचं ॲप्लिकेशन क्रॅश क्वचित होतं, पण बंद रोज होतं. नवी रिलीज आली की बंद, कॉन्फिग बदललं की बंद, गर्दी ओसरल्यावर ऑटोस्केलरने पॉड, म्हणजे ॲप्लिकेशनच्या चालू प्रती, कमी केले की बंद. अशा प्रत्येक वेळी कुणाच्या तरी म्हशीच्या दुधाची नोंद अर्ध्यात असते. ती हरवली तर शेतकऱ्याचे पैसे गेले, दोनदा लागली तर संघाचे. त्यामुळे एखादं मेसेजिंगचं साधन निवडताना मी पहिल्यांदा हेच बघते, की त्याला ‘थांब’ म्हटल्यावर ते काय करतं.

निकाल आधीच सांगून टाकते. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. बिनधास्त वापरा, पण जसं हातात येतं तसंच्या तसं प्रॉडक्शनला लावू नका.

चांगली बाजू आधी. रॅबिटएमक्यू २००७ पासून आहे आणि एएमक्यूपी ०-९-१ या मेसेजिंग प्रोटोकॉलचा नियम ते काटेकोर पाळतं: कन्झ्युमरने, म्हणजे मेसेज उचलणाऱ्याने, ‘ॲक’ (काम झाल्याची पोच) दिल्याशिवाय मेसेज क्यूमधून जात नाही. चॅनेल (कनेक्शनमधली एक वाट) किंवा कनेक्शन तुटलं, तर ॲक न झालेले सगळे मेसेज परत क्यूमध्ये येतात आणि पुढच्या वेळी ‘रीडिलिव्हर्ड’ अशी खूण घेऊन निघतात. म्हणजे कन्झ्युमरकडची वीज गेली, मशीन बसलं, कोणी किल मायनस नाइनने प्रोसेस जागीच मारली, तरी नोंद हरवत नाही. अट एकच, रॅबिटचा ऑटो-ॲक चालू नको. तो चालू असेल तर मेसेज पाठवला त्या क्षणी रॅबिटच्या दृष्टीने काम संपलं, आणि मग बंद होताना जे हातात होतं ते गेलं. स्प्रिंगमध्ये ॲक मोड मुळात असा असतो की लिसनर (मेसेजवर काम करणारा आपला कोड) नीट परतल्यावर कंटेनर (त्या कोडला मेसेज आणून देणारा स्प्रिंगचा भाग) स्वतः ॲक देतो. हे उत्तम आहे, त्याला हात लावायची गरज नाही.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे थांबण्याचा क्रम. स्प्रिंगमध्ये लिसनर कंटेनरची फेज, म्हणजे सुरू-बंद होण्याच्या क्रमातली जागा, सगळ्यात वरची असते आणि बंद करताना वरच्या फेजपासून खाली येतात. त्यामुळे आधी नवे मेसेज घेणं थांबतं, हातातलं काम उरकतं, आणि त्यानंतर डेटाबेसचा कनेक्शन पूल (तयार कनेक्शनचा साठा) बंद होतो. दिसायला साधी गोष्ट आहे. पण हाच क्रम हाताने लिहिलेल्या एका जुन्या सेवेत उलटा होता. तिथे पूल आधी मिटायचा आणि मग लिसनर बिचारा बंद पुलाकडे कनेक्शन मागत एक्सेप्शनवर एक्सेप्शन फेकायचा. स्प्रिंगमध्ये हा प्रकार मला दिसलेला नाही.

आता जिथे तारा कापला तिथे येते.

कंटेनर थांबायला लागला की आधी रॅबिटला ‘कॅन्सल’ पाठवतो, म्हणजे नवीन काही देऊ नकोस. मग आधीच उचलून स्वतःकडे ठेवलेले मेसेज एकेक करून संपवतो. यासाठी तो किती थांबतो? मुळात पाच सेकंद. आणि आधीच उचललेले मेसेज किती असू शकतात? स्प्रिंग एएमक्यूपी २.० पासून प्रीफेच, म्हणजे आगाऊ उचलायच्या मेसेजची मर्यादा, मुळातच २५० आहे, दर कन्झ्युमरमागे. आमच्याकडे एका नोंदीला साधारण २०० मिलिसेकंद लागतात: दराचा तक्ता बघायचा, खात्यावर लिहायचं, कमिट (नोंद पक्की) करायचं. २५० नोंदी म्हणजे ५० सेकंद. ५० सेकंदांचं काम आणि पाच सेकंदांची मुदत! हे दोन आकडे एकाच लायब्ररीत मुळापासून शेजारी शेजारी बसलेत आणि त्यांचं एकमेकांशी काहीच देणंघेणं नाही.

पाच सेकंद संपले की काय होतं ते नीट बघण्यासारखं आहे. लॉगमध्ये ‘वेटिंग फॉर वर्कर्स टू फिनिश’ येऊन गेलेलं असतं, त्यापाठोपाठ ‘वर्कर्स नॉट फिनिश्ड’ येतं, आणि कंटेनर चॅनेल जबरदस्तीने बंद करतो. उरलेले मेसेज क्यूमध्ये परत जातात. त्यांना अजून कोणी हातच लावलेला नसतो, त्यामुळे त्यांचं काही बिघडत नाही. बिघडतं ते त्या एकाचं, जे त्या क्षणी चालू होतं. समजा म्हशीचं ६.४ लिटर दूध, फॅट ७.२. काम करणाऱ्या थ्रेडने दर लावला, खात्यावर लिहिलं, डेटाबेसने कमिट केलं. आता ॲक द्यायला थ्रेड चॅनेलकडे वळतो, तर चॅनेल बंद. ॲक पोचलाच नाही. रॅबिटच्या लेखी ते काम झालेलं नाही, म्हणून तोच मेसेज दुसऱ्या पॉडला जातो, आणि तो पॉड तितक्याच प्रामाणिकपणे तेच ६.४ लिटर पुन्हा खात्यावर लिहितो. कुठे एरर नाही, कुठे लाल अक्षर नाही. संस्थेचे सचिव रात्री काट्याची बेरीज आणि संगणकाची बेरीज जुळवायला बसतात, तेव्हा कळतं.

म्हणून मी तीन गोष्टी बदलते. प्रीफेच २५० वरून २० वर आणते. वेग कमी होईल अशी भीती दाखवली जाते, पण जिथे एका मेसेजला शंभर-दोनशे मिलिसेकंद लागतात तिथे वीस मेसेज हाताशी असले की थ्रेड रिकामा राहत नाही. मेसेज अगदी बारीक आणि काम मायक्रोसेकंदांचं असेल तर २५० ठीक आहे, तो आकडा त्यांच्यासाठीच ठेवलाय. दुसरं, शटडाउन टाइमआउट पाचवरून २० सेकंद. २० नोंदींना चारच सेकंद लागतात हे खरं, पण बिलाच्या दिवशी दरफरकाचा हिशेब चालू असला की टेबलवर लॉक बसतात आणि २०० मिलिसेकंदांची नोंद काही सेकंद अडकते. सवड त्या दिवसासाठी हवी. मी हा आकडा कोडमध्ये, कंटेनर कस्टमायझरमधून देते.

तिसरी गोष्ट मला या लायब्ररीत सगळ्यात जास्त आवडते, तिचं नाव फोर्स-स्टॉप. नाव दांडगं आहे, काम मात्र सभ्य. ती चालू केली की कंटेनर फक्त हातातला मेसेज पुरा करतो, त्याचा ॲक देतो, आणि बाकीचे उचललेले सगळे परत क्यूमध्ये सोडतो. दुसरा पॉड ते लगेच घेतो. पन्नास सेकंदांचा प्रश्न एका मेसेजवर येऊन थांबतो. २.४ आणि ३.० मालिकेच्या नंतरच्या आवृत्त्यांत ही सोय आली, पण मुळात ती बंद असते. माझ्या मते एकापेक्षा जास्त पॉड चालवणाऱ्या कोणीही ती चालू करावी. मेसेजचा क्रम पाळायचा असेल, तर जरा विचार करा. परत गेलेले मेसेज रॅबिट शक्यतो मूळ जागी ठेवतं, पण कन्झ्युमर अनेक असले की क्रमाची हमी उरत नाही.

फोर्स-स्टॉपमुळे एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. हात न लावताच परत गेलेल्या मेसेजवरही ‘रीडिलिव्हर्ड’ खूण बसते. त्यामुळे ‘खूण दिसली म्हणजे ही नोंद आधी झालेली आहे, सोडून द्या’ असा कोड कोणी लिहिला असेल तर तो ताबडतोब काढा. त्याने खऱ्या नोंदी गिळल्या जातील. दुबार ओळखायची तर डेटाबेसच्या युनिक कीवर (एकदाच येऊ शकणाऱ्या ओळखीवर). आमच्या क्षेत्रात संस्था, उत्पादक कोड, तारीख आणि सत्र एवढी की सुचते, पण ती पुरत नाही, कारण कित्येक जण एकाच सत्रात दोन किटल्या आणतात, एक गायीची एक म्हशीची, किंवा दोन्ही म्हशीच्याच. आम्ही काट्याच्या यंत्राने दिलेला पावती क्रमांक धरतो आणि खात्यावरच्या नोंदीबरोबर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहितो. दुसऱ्यांदा आलेला मेसेज त्या कीवर आपटतो, आम्ही शांतपणे ॲक देऊन पुढे जातो. एसएमएस कमिटनंतर वेगळ्या क्यूमधून जातो. तो एखाद्या वेळी दोनदा गेला तर चालेल, पैसे दोनदा गेलेले चालणार नाहीत.

क्वोरम क्यू (अनेक सर्व्हरवर प्रती ठेवणारी रांग) वापरणाऱ्यांसाठी इथेच एक सूचना. रॅबिटएमक्यू ४.० पासून डिलिव्हरीची मर्यादा मुळातच २० आहे. ती ओलांडली की मेसेज डेड लेटर एक्स्चेंजकडे, म्हणजे न निभावलेले मेसेज बाजूला काढण्याच्या वाटेवर, जातो, आणि ते लावलेलं नसेल तर टाकून दिला जातो. पॉड पुन्हा पुन्हा मरत असेल तर ही मर्यादा गाठायला वेळ लागत नाही. डेड लेटर लावल्याशिवाय क्वोरम क्यू घेऊ नका.

आता बाहेरची घड्याळं. स्प्रिंग बूटचं स्वतःचं एक घड्याळ आहे, शटडाउनच्या प्रत्येक फेजला मुळात ३० सेकंद. हे प्रत्येक फेजला वेगळं मोजलं जातं, एकूण नव्हे, हे वाचताना निसटतं. त्याच्या बाहेर पॉड चालवणाऱ्या कुबरनेटीसचं: सिग्टर्म (थांबण्याची विनंती) दिल्यावर मुळात ३० सेकंद, मग सिगकिल (थेट मारणं). नुसत्या डॉकरवर ‘स्टॉप’ केलं तर दहाच सेकंद. आतलं घड्याळ बाहेरच्यापेक्षा लहान हवं, नाहीतर आतली सगळी सभ्यता वाया जाते. आम्ही लिसनर कंटेनरला २०, फेजला २५ आणि पॉडला ६० सेकंद दिलेत. आमच्याकडे थोडे वेब एंडपॉइंटही आहेत, ते वेगळ्या फेजमध्ये थांबतात, म्हणून दोन फेजचे ५० धरून वर थोडी सवड.

वेब सर्व्हर सभ्यपणे थांबवण्याची सोय स्प्रिंग बूट २.३ मध्ये, २०२० साली आली आणि ३.४ पासून ती मुळातच चालू असते. ते चांगलंच झालं. पण त्यावरून कित्येकांचा समज होतो की मेसेजचंही आपोआप झालं. तसं नाही. त्या सेटिंगचा लिसनर कंटेनरच्या पाच सेकंदांशी काही संबंध नाही.

तसाच समज प्री-स्टॉप हुकाबद्दल. पॉड मरण्याआधी दहा-पंधरा सेकंद झोपायचं, ही युक्ती वेब सेवेसाठी योग्य आहे, कारण लोड बॅलन्सरच्या यादीतून नाव निघेपर्यंत विनंत्या येत राहतात. पण नुसत्या कन्झ्युमरला कोणी बाहेरून विनंती पाठवत नाही, तो स्वतः मेसेज ओढतो. तो झोपेचा वेळ पॉडच्या ६० सेकंदांतूनच कापला जातो, आणि त्या काळात लिसनरला काहीच कळलेलं नसल्याने तो आनंदाने नवे मेसेज उचलत राहतो. फक्त क्यूवर चालणाऱ्या सेवेच्या डिप्लॉयमेंटमधून ती ओळ काढून टाका.

आणि हे सगळं व्यवस्थित केलं तरी सिग्नल जाव्हापर्यंत पोचला पाहिजे ना! एका संघाच्या सर्व्हरवर तयार डॉकर इमेज मिळाली होती. तिच्यात स्टार्टअप स्क्रिप्ट पहिली प्रोसेस, आणि तिच्या पोटात जाव्हा. डॉकरच्या कंटेनरमध्ये (स्प्रिंगच्या नव्हे) पहिल्या प्रोसेसला लिनक्स वेगळी वागणूक देतं. तिने सिग्टर्मसाठी स्वतः काही लिहिलं नसेल तर सिग्नल दुर्लक्षित होतो. स्क्रिप्टने तो ना स्वतः घेतला, ना जाव्हाला दिला. तीस सेकंद सगळं निवांत चालू, नवे मेसेजही उचलणं चालू, आणि मग सिगकिल. लॉगमध्ये ‘वेटिंग फॉर वर्कर्स’ शोधत होतो, ती ओळ यायला ॲप्लिकेशनला कोणी काही सांगितलंच नव्हतं. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत जाव्हाच्या आधी ‘एक्झेक’ लिहिलं, म्हणजे स्क्रिप्टच्या जागी जाव्हाच पहिली प्रोसेस झाली, आणि काम झालं. यात स्प्रिंगचा दोष शून्य, तरी परीक्षणात लिहितेय, कारण ‘स्प्रिंगचं ग्रेसफुल शटडाउन चालत नाही’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत ही गोष्ट मी सगळ्यात आधी तपासते.

एका सापळ्याबद्दल मात्र स्प्रिंगने अधिक ठळक बजावायला हवं होतं. लिसनरच्या आतून काम ‘असिंक’ (मागे वेगळ्या थ्रेडवर चालणाऱ्या) मेथडकडे दिलं, तर लिसनर लगेच परततो, कंटेनर ॲक देतो, आणि खरं काम मेमरीतल्या थ्रेड पूलच्या रांगेत पडून राहतं. स्प्रिंग बूटचा तो पूल बंद होताना मुळात कामं संपण्याची वाट बघत नाही, ‘अवेट टर्मिनेशन’ मुद्दाम चालू करावं लागतं. वर सांगितलेल्या सगळ्या प्रकारांत फार तर नोंद दुबार होते. इथे ती हरवते. रॅबिटकडे नाही, डेटाबेसमध्ये नाही, कुठेच नाही. माझा सल्ला सरळ आहे: मेसेजचं काम लिसनरच्या थ्रेडवरच पुरं करा. जास्त वेग हवा असेल तर कन्झ्युमर वाढवा.

दुसरी साधनं कशी आहेत ते थोडक्यात सांगते. रूबी भाषेच्या जगातलं, मागची कामं चालवणारं साइडकिक या बाबतीत जास्त समजूतदार वाटलं. त्याला आधी ‘शांत हो’ असा वेगळा सिग्नल देता येतो, मग सिग्टर्म. मुळात २५ सेकंद थांबतं आणि उरलेली कामं रेडिसमध्ये (कामांची रांग ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये) परत ढकलतं. हेरोकूसारखी होस्टिंगची ठिकाणं तीस सेकंदांना मारतात म्हणून २५, हा हिशेब वापरणाऱ्यावर न सोडता त्यांनीच करून ठेवलाय. पायथनच्या सेलेरीत मुळात काम सुरू करण्याच्या आधीच ॲक जातो, त्यामुळे मध्येच मारलं तर ते काम गेलं. ‘ॲक्स लेट’ चालू केलं की वागणं रॅबिटला साजेसं होतं. स्प्रिंग एएमक्यूपी दोघांच्या मध्ये बसतं: मूळ स्वभाव सुरक्षित, पण घड्याळं तुमची तुम्ही लावा.

कागदपत्रांबद्दल माझं मत चांगलं आहे. कंटेनरच्या प्रत्येक सेटिंगचा तक्ता आहे आणि मूळ किंमत लिहिलेली आहे. मात्र प्रीफेच एका ओळीत, शटडाउन टाइमआउट दुसऱ्या ओळीत, फोर्स-स्टॉप तिसरीकडे. या तिघांचा एकत्र हिशेब करून बघा असं एक वाक्य तिथे असतं तर कितीतरी जणांची रात्र वाचली असती. आणखी एक अपेक्षा: ‘वर्कर्स नॉट फिनिश्ड’ म्हणताना कुठला मेसेज अर्धा राहिला तेही लॉगमध्ये यावं. सध्या मी लिसनरच्या सुरुवातीला आणि शेवटी पावती क्रमांक लिहिते आणि सुरुवात आहे पण शेवट नाही अशा नोंदी शोधते.

घेण्याआधी तपासायचं असेल तर चाचणीच्या मशीनवर एकच कन्झ्युमर ठेवा. लिसनरमध्ये दोन सेकंदांची झोप घाला, क्यूमध्ये काहीशे मेसेज टाका आणि डॉकर स्टॉप मारा. रॅबिटचं मॅनेजमेंट पान १५६७२ पोर्टवर उघडं असू द्या. ते दर पाच सेकंदांनी ताजं होतं, त्यामुळे आकडे उड्या मारत बदलतात. फोर्स-स्टॉप चालू असेल तर ‘अनॅक्ड’ (उचललेले, ॲक न झालेले) या आकड्यातले मेसेज हातातला एक संपताच ‘रेडी’ (रांगेत थांबलेले) या आकड्यात गेलेले दिसतील, आणि लॉगमध्ये ‘सक्सेसफुली वेटेड फॉर वर्कर्स टू फिनिश’ येईल. मग डॉकर कंटेनरचा एक्झिट कोड बघा. १४३ म्हणजे सिग्टर्म घेऊन जाव्हा स्वतः थांबली. १३७ म्हणजे तिला मारावं लागलं. तो दिसला तर आधी एक्झेक आहे का बघा, मग घड्याळं, आणि तोवर रिलीज थांबवून ठेवा.